‘सर्कल’, मंडल आणि मंडळ
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या समारंभात बोलण्यासाठी मला आमंत्रण आले, तेव्हा विषयाचे बंधन घातलेले नव्हते. अशा वेळी एखादा भारदस्त विषय निवडण्याचा मोह होतो. परंतु परप्रांतातील मराठी माणसाचे सांस्कृतिक कार्य, त्याची कर्तव्ये आणि त्याच्या अडचणी यांवर या व्यासपीठावरून गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ बोलून झाले आहे. त्यातले थोडेफार मीच बोललो आहे. म्हणून आज मी केवळ एका शब्दाविषयी बोलणार आहे. हा शब्द इंग्रजी आहे, शाळकरी पोराला ठाऊक असलेला आहे, आणि तो मला माझ्या नातवाने दिला.

नातू पाचवीत आहे. एका संध्याकाळी तो वही घेऊन आला. बाईंनी घरचा अभ्यास दिला होता : ‘सर्कल’ हा शब्द पाच निरनिराळ्या अर्थांनी वापरून पाच वाक्ये करा. पहिले वाक्य त्यानेच केले, कंपासने वर्तुळ काढण्याचे. दुसरेही त्याला सुचले : बरोबर उत्तराभोवती गोल करा. तिसऱ्यात मित्रांचा गोतावळा आला. चौथ्यात आकाशात घिरट्या घालणारी घार आली, म्हणजे नामाचे क्रियापद झाले. पाचव्यासाठी मी त्याला दुष्टचक्र सुचविले. गरिबीमुळे शिक्षण नाही आणि शिक्षण नाही म्हणून गरिबी, हे त्याला समजावून सांगता सांगता दिवेलागण झाली. अभ्यास पुरा झाला, पण मी थांबेना. माझी सारी नोकरी टपाल खात्यात गेली. टपाल खात्यात ‘सर्कल’ म्हणजे बहुधा एक अख्खे राज्य! आपण आहोत तो उत्तर प्रदेश सर्कल. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतो. नकाशावर पाहिले तर यांतले एकही गोल नाही. तरी खात्याच्या लेखी ती सारी वर्तुळेच. हिंदी पाट्यांवर त्यालाच ‘परिमंडल’ म्हणतात.

हे ऐकून नातू म्हणाला, “आजोबा, मग आपलं मंडल पण सर्कलच झालं ना?”

मी म्हणालो, “मंडल नव्हे रे, मंडळ.” त्याने तीनदा प्रयत्न केला. एकदा ‘मंडल’ आले, एकदा ‘मंडड़’ आले, आणि तिसऱ्यांदा तो वही मिटून खेळायला पळाला. मी मात्र तेथेच बसून राहिलो. त्याचे कारण शेवटी सांगेन. आधी त्याच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण प्रश्न अगदी रास्त होता.

‘सर्कल’ हा शब्द लॅटिनमधून इंग्रजीत आला. तेथे ‘सर्कस’ म्हणजे कडे, रिंगण. आणि ‘सर्कल’ म्हणजे मुळात लहानसे कडे. या एका कड्यातून किती शब्द निघाले पाहा. कचेरीतून जे पत्र सर्वत्र फिरवितात ते सर्क्युलर. आपण त्याला ‘परिपत्रक’ म्हटले आणि ‘परि’ या उपसर्गात तो फेरा नेमका पकडला. साहेब दौऱ्यावर निघाला की उतरे ते सर्किट हाउस. मुंबईत चौकाला सर्कल म्हणण्याची चाल पडली : किंग्ज सर्कल, खोदादाद सर्कल, हॉर्निमन सर्कल. महाराष्ट्राच्या खेड्यात तलाठ्याच्या वरचा जो मंडल अधिकारी, त्याला लोक नुसते ‘सर्कल’ म्हणतात. ‘सर्कल आले होते’ म्हणजे काय आले होते, हे इंग्रजाला सांगूनही समजायचे नाही. येथे उत्तर प्रदेशात जमिनीचा व्यवहार करणारा प्रथम ‘सर्किल रेट’ विचारतो. पोलिसांचा ‘सी. ओ.’ म्हणजेही सर्कल ऑफिसरच.

आता ‘मंडल’. हा संस्कृत शब्द मुळात वर्तुळवाचकच आहे. सूर्याचे बिंब ते सूर्यमंडल, ताऱ्यांचे नभोमंडल, देवादिकांच्या मस्तकामागचे प्रभामंडल. ऋग्वेदाचे दहा भाग पाडले आहेत, त्यांनाही मंडलेच म्हणतात. कौटिल्याने अर्थशास्त्रात बारा राजांचे राजमंडल सांगितले. ज्याला विजय हवा तो राजा मध्ये. त्याच्या सीमेला लागून असलेला तो शत्रू. त्या शत्रूच्या पलीकडचा तो मित्र. आणि असेच पुढे. त्यातूनच ‘मांडलिक’ शब्दाची वाट निघते. दक्षिणेत चोळांचा प्रदेश तो चोळमंडलम्. युरोपीय दर्यावर्द्यांच्या जिभेवर त्याचे ‘कोरोमंडल’ झाले असे मानतात. म्हणजे इंग्रजाने ‘सर्कल’चा अर्थ प्रांत असा केला, ते काही त्याचे नवल नव्हे. आपल्याकडे ते कित्येक शतके आधीच झाले होते. मनुष्य ज्या भूमीला आपली म्हणतो, तिच्याभोवती तो मनातल्या मनात एक गोल काढतो, हाच दोन्हींकडचा अनुभव.

परंतु मराठीने या शब्दाला जो संसार थाटून दिला, तो इतरत्र क्वचितच आढळेल. शिवछत्रपतींचे अष्टप्रधान मंडळ आपण शाळेत शिकलो. आजचे मंत्रिमंडळ, विधिमंडळ, शिष्टमंडळ, संचालक मंडळ, एस. टी.चे महामंडळ आणि साहित्याचेही महामंडळ; गल्लीतले मित्रमंडळ, देवळातले भजनी मंडळ, दुपारचे महिला मंडळ. चार माणसे एका कामासाठी एकत्र बसली की मराठीत मंडळ होते. ही माणसे गोल करून बसतातच असे नाही. बहुधा ती एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात, हा भाग वेगळा!

आणि मग आपली लाडकी ‘मंडळी’. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीचा पाया घातला. योगायोग असा की, त्याच वर्षी विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईत आपली सर्कस उभी केली. भारतीयाने काढलेली ती पहिली सर्कस समजतात. एकाच वर्षी दोन मराठी माणसांनी दोन वर्तुळे आखली. एकाचे नाव संस्कृतातून आले, दुसऱ्याचे लॅटिनमधून. पुढे १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. घराबाहेर ‘मंडळी’ म्हणजे नाटक कंपनी, तर घरात मंडळी म्हणजे कुटुंब. जुन्या पिढीतील गृहस्थ ‘आमची मंडळी माहेरी गेली आहे’ असे म्हणत, तेव्हा एकटी पत्नी गेलेली असे. पण ती गेली म्हणजे घरातले सगळेच गेल्यासारखे वाटत असावे. दारातून ‘काय मंडळी!’ अशी हाक आली की आत कितीही जण असोत, ते सारे त्या हाकेत मावतात. या शब्दाला संख्येचे बंधन नाही आणि वयाचे नाही. माझ्या समजुतीप्रमाणे मराठीतील हे सर्वांत आतिथ्यशील संबोधन होय.

गोलाला मराठीत इतरही शब्द आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. चंद्राभोवती पडते ते खळे, झाडाभोवती करतो ते आळे, मनगटात घालतो ते कडे. ‘वाटोळे’ म्हणजे गोल, आणि वाटोळे होणे म्हणजे सत्यानाश. एकाच शब्दात लाडूही आहे आणि दिवाळेही. वारीत माउलींच्या पालखीपुढे होते ते रिंगण. गोल रिंगणात पालखी मध्ये, भोवती वारकरी, आणि मधल्या वाटेने ज्याच्यावर कोणी स्वार नाही असा माउलींचा अश्व धावतो. आणि नवरात्रात पाटावर हत्ती मांडून त्याच्याभोवती मुली-बायका धरतात तो फेर. या फेराकडे मी पुन्हा येणार आहे.

आता आपल्या लखनौकडे वळू. हे शहर आकारांच्या नावांनी भरलेले आहे. स्टेशनाला उतरलो की चारबाग, कैसरबागेत बारा दारांची बारादरी, आणि जुन्या शहरात चौक. मराठी माणसाला चौक म्हणजे वाड्यातला किंवा चार रस्त्यांचा. येथला चौक मात्र एक लांबलचक बाजार. त्याच्या एका टोकाला अकबरी दरवाजा आणि दुसऱ्याला, काय म्हणावे, गोल दरवाजा! शेजारच्या उर्दूने वर्तुळाला ‘दायरा’ आणि ‘हल्का’ हे दोन शब्द दिले. शायरांचा आणि स्नेह्यांचा तो हल्का, आणि लेखपालाच्या ताब्यातील गावांचाही हल्काच. प्रशासनात ‘लखनऊ मंडल’ म्हणजे सहा जिल्हे : लखनौ, उन्नाव, रायबरेली, सीतापूर, हरदोई आणि लखीमपूर खीरी. म्हणून नव्या शेजाऱ्याला आपण ‘आमचे मंडळ आहे’ असे सांगितले की त्याच्या डोळ्यांपुढे कमिशनरसाहेबांची कचेरी उभी राहते. मला एका सद्गृहस्थाने खरोखरच विचारले होते, “आपके मंडल में कितने ज़िले आते हैं?” मी म्हणालो, “सध्या कोल्हापूरपासून नागपूरपर्यंतचे सगळे.”

या शहरात एका मराठी माणसाने काढलेल्या वर्तुळाचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे मुंबईचे, वाळकेश्वरचे, व्यवसायाने वकील. त्यांच्या प्रेरणेने आणि राय उमानाथ बली प्रभृतींच्या साहाय्याने १९२६ मध्ये येथे मॅरिस कॉलेज निघाले. पुढे त्याला भातखंडे यांचेच नाव मिळाले आणि आज ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी या संस्थेचे प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळले. भातखंड्यांनी आपला ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. परंतु शाळा काढली ती अवधच्या मध्यभागी, आणि तिच्यात शिकले ते सर्व प्रांतांचे, सर्व धर्मांचे विद्यार्थी. घराण्याघराण्यांनी जपून ठेवलेल्या चिजा त्यांनी मिळविल्या आणि स्वरलिपीत छापून सर्वांच्या हाती दिल्या.

त्या स्वरलिपीतही एक वर्तुळ आहे. तालाचे एक फिरणे म्हणजे आवर्तन. समेपासून निघावे आणि समेवर यावे. भातखंडे यांच्या लिपीत समेला फुली असते आणि ‘खाली’ला शून्य. त्रितालात सोळा मात्रा, त्यांपैकी नवव्या मात्रेखाली हे लहानसे शून्य घालतात. येथे टाळी द्यायची नसते. हात बाजूला करायचा असतो. मला संगीतातले फार समजत नाही. तरी सोळा मात्रांच्या फेऱ्यात एक जागा हेतुपुरस्सर रिकामी ठेवलेली असते आणि ती चुकली तर सम सापडत नाही, एवढे मात्र मी येथेच शिकलो.

आता ‘ळ’. हा वर्ण आपल्या अभिमानाचा विषय आहे, आणि तो असावाही. ऋग्वेदाच्या पहिल्या सूक्तातील पहिल्याच ऋचेत तो आहे. गुजराती, कोंकणी, राजस्थानी, पंजाबी, उडिया आणि दक्षिणेच्या भाषा यांनी तो उच्चारात जपला. प्रमाण हिंदीत मात्र त्याला जागा नाही. म्हणून येथल्या छापखान्यात आणि पेंटरकडे आपल्या नावातला ‘ळ’ नेहमीच संकटात असतो. १९९० साली मी मंडळाचा कार्यवाह होतो. ऑगस्टच्या आरंभी केंद्र सरकारने मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा केली होती आणि उत्तर भारत ढवळून निघाला होता. त्याच महिन्यात आपला गणेशोत्सव. पेंटरने कापडी फलकावर ‘मंडल’ असे ठसठशीत रंगविले, आणि फलक लागताच विद्यार्थ्यांचा एक घोळका विचारावयास आला : तुम्ही बाजूने, की विरुद्ध? आम्ही गणपतीच्या बाजूने आहोत, असे सांगून मी त्यांना प्रसाद दिला. परंतु ‘ल’चा ‘ळ’ करून घेण्यासाठी पेंटरकडे दोन खेपा घातल्या, आणि त्या खेपांचे मला कितीतरी वर्षे कौतुक वाटत असे.

त्याच उत्सवात आम्ही एक नाटक बसवीत होतो. एका मराठी घरात नव्यानेच आलेल्या सूनबाई मूळच्या येथल्या, अवधी बोलणाऱ्या घरातल्या. त्यांनी लहानशी का होईना, भूमिका मागितली. उत्साह होता, पाठांतर चोख होते. फक्त ‘ळ’चा ‘ल’ होत होता. तालमीत त्यांनी ‘बाळ’ला ‘बाल’ म्हटले आणि दोघे-तिघे हसले. मी कार्यवाह या नात्याने निर्णय दिला : “वहिनी, आपले हे मराठी मंडळ आहे. आधी ‘ळ’ म्हणायला शिका, मग पाहू.” त्यांनी मान डोलावली आणि संहिता माझ्या हाती परत दिली. माझ्या दृष्टीने मी भाषेचे रक्षण केले होते. फलकाला लावलेला नियम मी माणसाला लावला, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

त्यानंतर महिन्याभराने नवरात्रात आमच्या घरी भोंडला होता. मी व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. फेर सुरू झाल्यावर त्या आल्या आणि दाराशीच थांबल्या. मी पाहिले : माझ्या पत्नीने आणि शेजारणीने एकमेकींचे हात सोडले, मध्ये जागा केली, त्यांचे दोन्ही हात धरले, आणि फेर पुढे चालू झाला. गाणे थांबले नाही. त्यांना ते येते की नाही, हे कोणीही विचारले नाही. मी वर्तमानपत्र पुन्हा उघडले. त्या दिवशीही मला विशेष काही वाटले नाही, हे आज कबूल केले पाहिजे.

ते वाटले नातवाने वही मिटली त्या संध्याकाळी. माझा स्वतःचा नातू, माझ्याच घरात वाढलेला, ‘मंडल’ म्हणाला. मी १९९० साली केलेला नियम लावला तर तो आज मंडळाबाहेर. आणि गंमत अशी की, तो चुकलाही नव्हता : मूळ शब्द ‘मंडल’ असाच आहे, ‘ळ’ आपण मराठीत आल्यावर केला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन त्या वहिनींकडे गेलो. तेथेच का, ते सांगतो. भोंडल्याच्या गाण्यांची वही गेली कितीतरी वर्षे त्यांच्याकडे असते. ज्यांना ती गाणी जन्मतः येत होती, त्यांतल्या काही निवर्तल्या, काही पुण्याला किंवा परदेशी गेल्या. वही सांभाळली ती यांनी. मी नातवाला नुसते ‘मंडळ म्हण, मंडळ म्हण’ असे सांगत होतो, कारण ‘ळ’ म्हणताना जीभ कोठे जाते हे मला ठाऊकच नव्हते. मला तो आयता मिळालेला होता. वहिनींनी त्याला समोर बसविले आणि सांगितले, “जिभेचं टोक वर उचल, मागे वळव, टाळूला लाव आणि पुढे झटक.” दहा मिनिटांत पोरगा ‘बाळ, काळ, मंडळ’ म्हणू लागला. जो कष्टाने शिकतो त्यालाच शिकविता येते, हे मला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी समजले. मी त्यांची क्षमा मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “भावजी, ते नाटक तसंही पडलं होतं.” हे खरे आहे. त्या आज या सभागृहात आहेत; नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही.

मंडळी, शाळेत आपण वर्तुळाची व्याख्या शिकलो : मध्यबिंदूपासून परिघावरील प्रत्येक बिंदू सारख्याच अंतरावर असतो. परिघावर पहिला आणि शेवटचा असा कोणी नसतो. गणित आणखी एक गोष्ट सांगते. एवढ्याच लांबीची दोरी घेऊन कोणताही आकार आखा, सर्वांत अधिक जागा वर्तुळातच मावते. आपली दोरी लहान आहे. या शहराच्या अफाट वस्तीत आपली मोजकी घरे. त्यांतील अनेकांच्या सुना आणि जावई अन्य भाषांचे आहेत, आणि नातवंडे दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभी आहेत. त्यांना वगळून जे उरेल ते शुद्ध असेल, पण त्याला मंडळ म्हणण्याइतकी माणसे उरणार नाहीत.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने माझ्या दोन विनंत्या आहेत. आपल्या घटनेत साधारण सभासदत्वाचे कलम ‘मातृभाषा मराठी असलेली व्यक्ती’ असे आहे. ते माझ्याच कारकिर्दीत, माझ्याच हस्ताक्षरात लिहिले गेले. ते ‘मराठीविषयी आस्था असलेली व्यक्ती’ असे करावे. येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मी स्वतः मांडीन. दुसरी विनंती, रविवारी सकाळी मुलांसाठी मराठीचा वर्ग सुरू करावा आणि त्यात सुनांना व जावयांनाही बसू द्यावे. शिकविण्यासाठी कोणाला बोलवावे, हे आता सांगावयास नको. आणि वर्गात ‘ल’ आला तर कोणी हसू नये.

फलकावर मात्र ‘ळ’च राहील. त्यासाठी पेंटरकडे जाण्याची माझी अजूनही तयारी आहे.

येत्या नवरात्रात भोंडला पुन्हा आमच्या घरी आहे. फेर मोठा करायचा तर कोणीतरी दोघींनी क्षणभर हात सोडावे लागतात. आमच्या घरातल्या बायकांना हे कधी शिकवावे लागले नाही. मला शिकण्यास पस्तीस वर्षे लागली. आपण सर्वांनी यावे, आणि येताना शेजारच्यांनाही घेऊन यावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.